बिनफोटोची रेकॉर्ड

१९५४ च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या लुइव्हिल क्लिपर्स नावाच्या बेसबॉल संघाला गावोगाव फिरायला बस हवी होती. संघाने आपले दोन खेळाडू अलाबामातल्या बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स या संघाला दिले आणि त्यातून एका जुन्या, वापरलेल्या बसची सोय केली. त्या दोघांपैकी एकाचं नाव जेसी मिचेल, दुसऱ्याचं चार्ली प्राइड. चेंडू फेकण्यात पटाईत असलेला हा विशीतला कृष्णवर्णीय पोरगा १९७१ मध्ये कंट्री म्यूझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ ठरला. कंट्री म्हणजे गोऱ्या शेतकऱ्याचं, ट्रकवाल्याचं, दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांतल्या गोऱ्या माणसाचं संगीत, असं ज्या देशात सगळे धरून चालले होते, त्या देशात हे घडलं. बसच्या बदल्यात दिलेल्या त्या पोराने पुढे कंट्रीच्या तक्त्यावर २९ वेळा पहिला क्रमांक गाठला.

चार्ली प्राइडचा जन्म १८ मार्च १९३४ चा, मिसिसिपी राज्यातल्या स्लेज या खेड्यातला. अकरा भावंडांत हा चौथा. वडिलांनी ‘चार्ल’ असं नाव ठरवलं होतं. दाखला लिहिणाऱ्याच्या चुकीने ‘चार्ली’ झालं आणि तेच राहिलं. घरची शेती बटईची आणि पीक कापसाचं.

या कापसाशी आपला जुना संबंध आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिसिसिपीच्या खोऱ्यातला कापूस मिळेनासा झाला. त्या चार वर्षांत वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच तो ओसरूनही गेला. त्याच युद्धाने अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपवली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक ज्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं, ते हे काम करणारे लोक. मात्र गुलामगिरी गेली तरी जमीन मालकाचीच राहिली. बियाणं मालकाचं, वर्षभराचं धान्य मालकाच्या दुकानातून उधारीवर आणि वेचणी झाल्यावर हिशेब. हिशेबाची वही कोणाच्या हातात होती, हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. प्राइडच्या जन्माच्या वेळी गुलामगिरी संपून सत्तर वर्षं होत आली होती आणि त्या खोऱ्यातली काळी मुलं अजून त्याच कापसाची बोंडं वेचत होती.

घरात फिल्को कंपनीचा रेडिओ होता. त्याची कळ वडिलांच्या हाती. शनिवारी रात्री ते नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम केंद्र लावत. पन्नास हजार वॉटच्या त्या केंद्राचा आवाज अर्ध्या अमेरिकेत पोचे आणि शनिवारी त्यावर ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम असे. १९२५ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम म्हणजे कंट्री संगीताचं पंढरपूर. रॉय एकफ, अर्नेस्ट टब, हँक विल्यम्स हे सगळे तिथूनच घराघरांत शिरले. चार्ली ते ऐकायचा आणि जसंच्या तसं गायचा. बहीण विचारायची, तू त्यांची गाणी कशाला गातोस? चौदाव्या वर्षी त्याने सिअर्स रोबकच्या कॅटलॉगमधली गिटार घेतली आणि रेडिओ ऐकत ऐकत स्वतःच शिकला.

बहिणीच्या प्रश्नातले ‘ते’ आणि ‘आपण’ कोणी पाडले, हे बघायला हवं, कारण प्राइडची सगळी कहाणी तिथे अडकलेली आहे.

१९२०च्या दशकात अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांना दक्षिणेत गिऱ्हाईक सापडलं. गिऱ्हाईक दोन रंगांचं होतं आणि दुकानंही वेगळी होती, म्हणून कंपन्यांनी मालाच्या दोन याद्या केल्या. काळ्या गायकांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाखाली, गोऱ्या खेडुतांच्या ‘हिलबिली’ या नावाखाली. गाणाऱ्यांमध्ये मात्र अशी फाळणी नव्हती. कंट्रीची ओळख असलेला बँजो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यांतून आलेला. हँक विल्यम्सला लहानपणी गिटारचे धडे दिले ते रुफस पेन या काळ्या फिरस्त्या वादकाने. कंट्रीचं आद्य घराणं मानलं जाणारं कार्टर कुटुंब गाणी गोळा करत डोंगराळ भागात फिरायचं, तेव्हा लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक बरोबर असायचा; चाली तो लक्षात ठेवायचा. कंट्रीचा पहिला मोठा तारा जिमी रॉजर्स, त्याच्या १९३०च्या एका तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट आहे. खुद्द ऑप्रीचं नाव १९२७ मध्ये रेडिओवरून पहिल्यांदा उच्चारलं गेलं, त्या रात्री माउथ ऑर्गन वाजवणारा डीफर्ड बेली हा काळाच होता. याच बेलीला १९४१ मध्ये कार्यक्रमातून काढलं गेलं आणि पुढे त्याने नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवून पोट भरलं.

गाण्याला जात लावली ती बाजाराने. आणि एकदा लावल्यावर दोन्ही बाजूंनी ती जन्मजात समजली. प्राइडच्या घरातल्या रेडिओला मात्र यादी ठाऊक नव्हती. तो सगळ्यांना सारखाच वाजायचा.

तरी पोराचं मन गाण्यात नव्हतं. त्याला बेसबॉल खेळायचा होता. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मुख्य लीगमध्ये उतरला आणि कापूस वेचणाऱ्या मुलांना पहिल्यांदा शेताबाहेरचा रस्ता दिसला. तोवर काळ्या खेळाडूंसाठी वेगळ्या ‘निग्रो लीग’ होत्या. चार्ली त्यांतल्या मेम्फिस रेड सॉक्सकडून खेळू लागला. त्याचा थोरला भाऊ मॅक हाही खेळाडूच. १९५३ मध्ये न्यूयॉर्क यँकीजच्या एका खालच्या श्रेणीच्या संघाने, बॉइसी यँकीजने, त्याला घेतलंसुद्धा. पण दुखापत झाली आणि फेकीतला वेग गेला. मग या संघातून त्या संघात अशी फरफट. ती बसची अदलाबदल याच काळातली. १९५६ मध्ये सैन्यात सक्तीची भरती. त्याच वर्षाअखेरीस सुट्टीवर आला असताना रोझीन कोहरानशी लग्न. हे लग्न जवळजवळ ६४ वर्षं, त्याच्या मृत्यूपर्यंत टिकलं.

१९६० मध्ये तो मोंटाना राज्यात गेला. कॅनडाच्या सीमेला लागून असलेला, बर्फाचा आणि खाणींचा हा मुलूख. काळी माणसं तिथे नावालाच. ईस्ट हेलिना गावात शिसं गाळण्याचा कारखाना होता. प्राइडला भट्टीत कोळसा ओतण्याचं काम मिळालं. कारखान्याचा स्वतःचा बेसबॉल संघ होता, त्यात जागा मिळाली. मॅनेजरच्या लक्षात आलं की हा गडी गातो. मग सामन्याआधी पंधरा मिनिटं मैदानातच गाणं सुरू झालं. खेळायचे दहा डॉलर, गायचे दहा डॉलर. दिवसा भट्टी, संध्याकाळी सामना, रात्री हेलिनातल्या बारमध्ये गिटार. भट्टीच्या धगीतून थेट बर्फात जाणाऱ्या या माणसाने पाच-सहा वर्षं असं रेटलं, यावरून मला त्याच्या स्वभावाचा सगळ्यात चांगला अंदाज येतो. तो घाईतला माणूस नव्हता आणि सोडून देणाराही नव्हता.

गाण्यासाठी नॅशव्हिलला जा, असं त्याला पहिल्यांदा सांगितलं रेड फोली आणि रेड सोव्हाइन या गायकांनी. १९६२ मध्ये ते मोंटानात कार्यक्रमाला आले होते, तिथे त्यांनी त्याला ऐकलं. प्राइडच्या डोक्यात तेव्हाही बेसबॉलच होता. १९६१ मध्ये एंजल्स संघाने चाचणीनंतर परत पाठवलं होतं. नंतर न्यूयॉर्क मेट्सच्या फ्लोरिडातल्या सराव शिबिरात तो न बोलावता जाऊन थडकला. त्यांनी मैदानात उतरूही दिलं नाही. परतीची बस नॅशव्हिलवरून जात होती. तो तिथे उतरला, एका संगीत प्रकाशन कंपनीच्या कचेरीत गेला आणि तिथे त्याची जॅक जॉन्सनशी गाठ पडली. जॉन्सन कंट्रीसाठी काळा गायक शोधतच होता. त्याने याचं गाणं ध्वनिमुद्रित करून घेतलं आणि मोंटानाला परत पाठवलं. व्यवस्थापनाचा करार मागाहून टपालाने आला.

तरीही दोन वर्षं काही हललं नाही. १९६५ मध्ये जॅक क्लेमंट या निर्मात्याने पदरचा जोर लावला. क्लेमंट हा मेम्फिसच्या सन स्टुडिओत जॉनी कॅशबरोबर काम केलेला, कानाने पक्का आणि स्वभावाने मनमौजी माणूस. त्याने प्राइडला गाणी शिकायला दिली आणि ऑगस्टमध्ये स्टुडिओ घेऊन दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती टेप आरसीए कंपनीच्या नॅशव्हिल शाखेचा प्रमुख चेट अॅटकिन्सकडे गेली. अॅटकिन्स स्वतः थोर गिटारवादक. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला कंपनीच्या अधिकाऱ्यांची बैठक होती, तिथे त्याने टेप वाजवली. सगळ्यांना आवाज आवडला. मग त्याने गायकाचा फोटो पुढे ठेवला. बराच खल झाला आणि निर्णय झाला, करार करायचा. फक्त फोटो छापायचा नाही.

जानेवारी १९६६ मध्ये ‘द स्नेक्स क्रॉल अॅट नाइट’ ही पहिली रेकॉर्ड निघाली. तबकडीवर नाव ‘कंट्री चार्ली प्राइड’. रेडिओ केंद्रांना नव्या गायकाबरोबर त्याचा फोटो पाठवायची रीत होती. या वेळी पाठवला नाही. निवेदकांनी गाणं वाजवलं, श्रोत्यांनी पुन्हा मागितलं. तिसरी रेकॉर्ड ‘जस्ट बिटवीन यू अँड मी’, क्लेमंटनेच लिहिलेली, पहिल्या दहांत पोचली आणि तिला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं.

या बिनफोटोच्या रेकॉर्डबद्दल कंपनीचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. व्यवहार म्हणून ती युक्ती चोख होती यात वाद नाही. पण माणसाचा चेहरा झाकल्यावरच त्याचा आवाज विकता येतो, असं कंपनी मानत होती, आणि तिचा अंदाज बरोबर होता, हे लाजिरवाणं आहे. त्या युक्तीतून एक गोष्ट मात्र कायमची सिद्ध झाली. टेक्सस-टेनेसीतल्या पट्टीच्या कंट्री श्रोत्यांना तो आवाज आपलाच वाटला. दोन याद्यांतला फरक कानाला कधीच कळत नव्हता.

चेहरा फार दिवस झाकून ठेवणं शक्य नव्हतं. १९६६ मध्ये डेट्रॉइटच्या ऑलिंपिया स्टेडियममध्ये दहा हजारांच्या गर्दीपुढे तो पहिल्यांदा मोठ्या कार्यक्रमात उतरला. निवेदकाने नाव घेतलं तसा टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तो उजेडात येताच टाळ्या बंद पडल्या. प्राइडने ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं: अंगावर हा असा कायमचा उन्हाळी रंग घेऊन मी कंट्री गायला उभा आहे, हे जरा वेगळं दिसतंय खरं, पण आपण दहा मिनिटं गाणी म्हणू या. लोक हसले आणि टाळ्या परत सुरू झाल्या. पुढची काही वर्षं प्रत्येक नव्या गावात त्याला असं काहीतरी बोलावं लागे. गोऱ्या गायकाला हा कर कधी भरावा लागला नाही.

सोबतच्या गायकांपैकी काहींनी त्याला उघड साथ दिली. फेरन यंग हा तापट म्हणून प्रसिद्ध असलेला गायक एका बैठकीत त्याच्याबरोबर आळीपाळीने गायला आणि त्याचा पक्का मित्र झाला. विली नेल्सनने डॅलसच्या लाँगहॉर्न बॉलरूममध्ये भर रंगमंचावर त्याचं चुंबन घेतल्याची गोष्ट दोघेही सांगत आले. साठच्या दशकातल्या टेक्ससमध्ये हे करायला छाती लागे. जानेवारी १९६७ मध्ये ऑप्रीच्या रंगमंचावर तो पहिल्यांदा उभा राहिला. वडिलांच्या फिल्कोवर ज्याला ऐकत तो वाढला, त्याच अर्नेस्ट टबने त्याची ओळख करून दिली. डीफर्ड बेलीला काढून टाकल्याला पंचवीस वर्षं उलटली होती.

आता आवाजाबद्दल. प्राइडचा आवाज खालच्या पट्टीतला, भरदार आणि कमालीचा स्वच्छ. शब्द तो कधी चावत नाही, ओढत नाही. हँक विल्यम्सच्या गळ्यात असलेला चिरका हुंदका त्याला येत होता, पण तो मोजून वापरायचा. त्या काळी नॅशव्हिलमध्ये व्हायोलिनचे ताफे आणि मागे कोरस घालून कंट्री गुळगुळीत करण्याची लाट होती; अॅटकिन्स स्वतः तिचा एक प्रवर्तक. क्लेमंटने प्राइडच्या सुरुवातीच्या रेकॉर्डमध्ये मात्र लॉइड ग्रीनची स्टील गिटार पुढे ठेवली. मांडीसमोर आडवं ठेवून, तारांवरून धातूचा तुकडा सरकवत वाजवल्या जाणाऱ्या या वाद्याला आपल्या सारंगीसारखी मींड असते. तिच्याशेजारी प्राइडचा स्थिर आवाज ऐकला की कळतं, या माणसाने कंट्री नुसतं उचललेलं नाही, ते त्याच्या हाडात आहे. गाणी तो स्वतः क्वचितच लिहायचा. निवडायचा मात्र नेमकी. १९७०च्या ‘वंडर कुड आय लिव्ह देअर एनीमोर’मध्ये एक माणूस बालपणीचं शेतावरचं घर, कष्ट, कर्ज सगळं आठवतो आणि विचारतो की आता मला तिथे राहता येईल का. कंट्रीत गावाकडच्या आठवणींची गोडगोड गाणी हजारांनी आहेत. हे तसं नाही. बटईच्या शेतातून आलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना त्याचं वजन वेगळं लागतं.

१९६९ मध्ये ‘ऑल आय हॅव टू ऑफर यू’ हे त्याचं पहिलं अव्वल गाणं ठरलं आणि मग एकामागून एक गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. १९७१ मध्ये आलं ‘किस अॅन एंजल गुड मॉर्निंग’, बेन पीटर्सने लिहिलेलं, पाच आठवडे कंट्रीच्या अग्रस्थानी आणि सर्वसाधारण पॉपच्या तक्त्यावरही एकविसावं. त्या वर्षी ‘एंटरटेनर ऑफ द इयर’. सर्वोत्तम गायक १९७१ ला आणि पुन्हा १९७२ ला. सत्तरच्या दशकात आरसीएकडे त्याच्याहून जास्त खपणारा गायक एल्विस प्रेस्ली तेवढा होता.

‘किस अॅन एंजल’ हे गाणं नवरा-बायकोच्या रोजच्या प्रेमाचं आहे. साधं, प्रसन्न. पण काळ लक्षात घ्या. १९५५ मध्ये याच मिसिसिपीच्या खोऱ्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या बाईची छेड काढल्याच्या आरोपावरून ठार मारलं होतं. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला बंदी घालणारे कायदे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते जून १९६७ मध्ये, म्हणजे प्राइड ऑप्रीत गाऊन पाच महिने झाल्यावर. अशा देशात एक काळा पुरुष गोऱ्या बायकांनी भरलेल्या सभागृहात प्रेमगीतं गातो, त्या आपल्या नवऱ्यांना घेऊन येतात आणि सोबत गातात. यासाठी कोणी मोर्चा काढला नाही, घोषणा दिली नाही. तरी घडलेली गोष्ट लहान नाही.

इथे मराठी वाचक थोडा अडखळेल. कृष्णवर्णीय अमेरिकेशी आपली ओळख फुल्यांच्या त्या अर्पणपत्रिकेपासूनची, आणि नंतरची ठळक ओळख ब्लॅक पँथरची, जिचं नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या वाटेने आलेल्याला प्राइड पचायला जड जातो. नागरी हक्कांच्या ऐन धामधुमीत तो गोऱ्यांचे मेळे गाजवत होता, आणि वंशाविषयी विचारलं की मी अमेरिकी चार्ली प्राइड, एवढंच सांगे. काळ्या समाजातूनही त्याच्यावर यासाठी टीका झाली. टीका करणाऱ्यांचा राग मला समजतो. त्यांची मागणी मात्र मला पटत नाही. काळ्या माणसाने ब्लूज गावं, गायलं तर विद्रोह गावा, ही अपेक्षा त्या जुन्या ‘रेस रेकॉर्ड्स’च्या यादीतूनच आलेली आहे. प्राइडने दोन्ही बाजूंची यादी नाकारली. ज्या गाण्यावर तो लहानपणापासून वाढला, ते आपलं आहे एवढंच त्याचं म्हणणं होतं आणि ते त्याने पन्नास वर्षं सोडलं नाही. हाही विद्रोहच होता. त्याच्या वाटचा त्याने निभावला.

त्याच्या हिमतीबद्दल शंका असेल त्याने बेलफास्ट आठवावं. उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्ष पेटलेला. १९७५ मध्ये मायामी शोबँड या लोकप्रिय वाद्यवृंदातल्या तिघांना रस्त्यात अडवून मारलं गेलं, आणि बाहेरच्या कलाकारांनी तिकडे फिरकणंच बंद केलं. प्राइड नोव्हेंबर १९७६ मध्ये गेला आणि रिट्झ सिनेमागृहात गायला. प्रेक्षकांत दोन्ही पंथांचे लोक शेजारी शेजारी बसले होते. श्रीमंती झुंबरांच्या घरात निघून गेलेल्या प्रेयसीचं त्याचं ‘क्रिस्टल शँडेलिअर्स’ हे गाणं अमेरिकेत कधी स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून गाजलं नाही. त्या शहरात मात्र ते दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकत्र गायचं गाणं होऊन बसलं. त्यानंतर हळूहळू इतर कलाकारही येऊ लागले. आपल्याच देशात रंगाच्या रेषा पाहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या देशातली रेषा अडवू शकली नाही.

आतून तो जसा दिसे तसा निवांत नव्हता. १९९४ च्या आत्मचरित्रात त्याने आपल्याला उन्माद आणि नैराश्य यांच्यात झोके घेणारा मानसिक आजार असल्याचं आणि त्यासाठी औषधं चालू असल्याचं मोकळेपणाने लिहिलं. पुरुषांनी आजाराबद्दल गप्प राहावं अशी रीत असलेल्या त्या जगात हे लिहिणं सोपं नव्हतं. कठीण दिवसांत रोझीन पाठीशी होती. हिशेबही तीच बघायची. १९६९ पासून घर डॅलसला. १९८६ मध्ये त्याने आरसीए सोडली. नवे तरुण चेहरे आले की जुन्यांना बाजूला सारण्याची नॅशव्हिलची चाल तेव्हा जोरात होती. नंतर तो लहान कंपन्यांसाठी गात राहिला, दौरे करत राहिला. ऑप्रीचं सदस्यत्व १९९३ मध्ये, कंट्री म्यूझिक हॉल ऑफ फेम २००० मध्ये. तिथे जागा मिळालेला तो पहिला काळा कलाकार. डीफर्ड बेलीला तो मान मिळाला २००५ मध्ये, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

बेसबॉल त्याने कधी सोडला नाही. दर वसंतात तो टेक्सस रेंजर्सच्या सराव शिबिराला जाई आणि पोरांबरोबर मैदानात उतरे. २००८ मध्ये मुख्य लीगच्या संघांनी निग्रो लीगच्या हयात खेळाडूंची प्रतीकात्मक निवड केली, तेव्हा रेंजर्सने प्राइडला घेतलं आणि कोलोरॅडो रॉकीजने भाऊ मॅकला. २०१० मध्ये तो रेंजर्सच्या मालकांपैकी एक झाला.

माझी खरी तक्रार आहे ती नॅशव्हिलशी. प्राइडने रॉनी मिल्सॅप या अंध गायकाला नॅशव्हिलला यायला प्रोत्साहन दिलं, नील मकॉयला आपल्या कार्यक्रमांत पुढे आणलं, डेव्ह अँड शुगर हा त्याच्या मागे गाणारा गट स्वतंत्रपणे गाजला. यांत काळा कोणी नव्हता. त्याच्या मागून काळ्या गायकांची रांग यायला हवी होती, ती आली नाही. लिंडा मार्टेल १९६९ मध्ये ऑप्रीत गायलेली पहिली काळी गायिका. १९७० मध्ये तिचा एक अल्बम निघाला आणि नंतर तिला कोणी उभं केलं नाही. प्राइडचं शेवटचं अव्वल गाणं १९८३ मधलं. त्यानंतर एकट्याच्या गाण्याने कंट्रीच्या तक्त्यावर पहिला आलेला पुढचा काळा गायक डेरियस रकर, २००८ मध्ये. मध्ये पंचवीस वर्षं. २०१२ मध्ये रकर ऑप्रीचा सदस्य झाला तेव्हा बेली आणि प्राइडनंतरचा तो फक्त तिसरा होता. नॅशव्हिलकडे कोणी बोट दाखवलं की ते चार्ली प्राइडचं नाव सांगत. एकाला मखरात बसवलं की बाकीच्यांसाठी दार उघडायची गरज पडत नाही, हे आपल्याकडच्या संस्थांनाही चांगलं ठाऊक आहे. २०१९ मध्ये लिल नॅस एक्स या काळ्या तरुणाचं ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्डने कंट्रीच्या तक्त्यातून काढून टाकलं आणि शंभर वर्षांपूर्वीची यादी पुन्हा दिसली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं, त्या अल्बममध्ये लिंडा मार्टेलचा आवाज आहे. प्राइडला हे बघायला मिळालं नाही.

११ नोव्हेंबर २०२० रोजी कंट्री म्यूझिक असोसिएशनने त्याला विली नेल्सनच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. तरुण काळा गायक जिमी अॅलन याच्याबरोबर तो ‘किस अॅन एंजल गुड मॉर्निंग’ गायला. महामारी भरात असताना तो सोहळा बंद सभागृहात झाला होता. १२ डिसेंबरला, एका महिन्याने, कोविडमुळे डॅलसमध्ये चार्ली प्राइड गेला. वय ८६.

ज्यांनी त्याला कधी ऐकलेलं नाही त्यांनी सुरुवात गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहाने करू नये. १९६८ च्या उन्हाळ्यात टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या पँथर हॉलमध्ये झालेल्या त्याच्या कार्यक्रमाचा थेट मुद्रित केलेला अल्बम मिळवा. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. समोरची गर्दी गोऱ्या टेक्ससवासीयांची. तो हँक विल्यम्स गातो, क्लेमंटची गाणी गातो, कापसाच्या शेताचं गाणं गातो, मधे लोकांशी बोलतो. सगळं सलग ऐका, बोलणंसुद्धा वगळू नका, आणि त्या गर्दीच्या टाळ्यांकडेही कान द्या.